अर्ध्या तासाचे परब

दत्ताराम परब दर शुक्रवारी सकाळी नऊ वाजता आमच्या घरी यायचे, चहा घ्यायचे, चहा झाला की टॉवेल खांद्यावर टाकून आमच्या बाथरूममध्ये शिरायचे, आतून कडी लावायचे आणि बरोबर अर्धा तास बोलायचे. एकटेच. मोठ्यांदा.

घरात नवीन माणूस आलं की पंचाईत व्हायची. माझ्या सासूबाई पहिल्यांदा दुबईला आल्या तेव्हा दबकत स्वयंपाकघरात गेल्या आणि म्हणाल्या, "अगं सुनीता, तुमच्या न्हाणीघरात सभा चालू आहे." माझी बायको पोहे परतत म्हणाली, "सभा नाही गं, परब आहेत. नऊ चाळीसला संपतील." नऊ चाळीसला परब खरंच संपले. घामाने निथळत, तोंड पुसत, प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आले आणि पोह्यांच्या बशीसमोर बसले.

भानगड अशी होती की परब गावी पत्र पाठवत नसत, कॅसेट पाठवत. साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला अर्धा तास. कोणी ना कोणी कणकवलीकडे सुट्टीवर निघालेलं असायचं, त्याच्या बॅगेत साबण आणि बदामांबरोबर परबांची कॅसेट जायची आणि दोन-तीन आठवड्यांनी गावाकडची कॅसेट उलट यायची. नव्वद सालापूर्वी आखाती देशांत बरेच लोक असं करत. पुढे गावोगाव फोन आले आणि बाकीच्यांनी ते सोडून दिलं. परबांच्या घरीही फोन आला, पण तो ठेवला पडवीत. आई, दादा, दादांची बायको, पुतणे एवढे बोलून होईपर्यंत परबांचं फोनचं कार्ड संपायचं. "फोनवर घाई होते," परब म्हणत, "कॅसेट कशी, निवांत."

पण निवांतपणा परबांच्या नशिबात नव्हता. ते दुबईशेजारच्या अजमानला एका खोलीत सहा जणांत राहत. आमच्याकडे याला बेडस्पेस म्हणतात. एका पलंगापुरती जागा तुमची, बाकी खोली देवाची. त्या पाच जणांत एक घोरणारा, एक टीव्हीवाला आणि एक शुक्रवारी सकाळी मसाला कुटणारा. म्हणून ते दुबईत अल कुसैसला आमच्याकडे येत. आमच्या हॉलमधला खिडकीचा ए.सी. पिठाच्या गिरणीसारखा चाले. बाथरूममध्ये ए.सी. नव्हता. परब बादली पालथी घालून तिच्यावर बसत, टेपरेकॉर्डर वॉशिंग मशीनवर ठेवत आणि सुरू होत.

दारातून सगळं ऐकू यायचं, आम्ही न ऐकण्याचं नाटक करायचो.

"आज शुक्रवार. वेळ सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. स्थळ दुबई. हवा गरम. तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. दादास आणि वहिनीस नमस्कार. खालच्या घरातले तात्या, वरच्या घरातल्या काकी…" ही नमस्कारांची यादी नऊ मिनिटं चालायची, कारण कॅसेट पडवीत मोठ्यांदा लागत असे आणि ऐकायला अर्धी वाडी जमत असे. यादीत नाव गळलं की माणूस रुसायचा. सख्या नावाच्या एका चुलतभावाचं नाव एकदा पोस्टमनच्या नंतर आलं, तर त्याने दोन वर्षं परबांच्या घराची पायरी चढली नाही. मग हवामान, मग दुबईत नवा पूल झाला, मग आंब्याला खत कधी घालायचं. शेवटच्या मिनिटात एक वाक्य ठरलेलं. "आणि तिला सांगा, पाठीला तेल लावत जा."

तिला म्हणजे बायकोला.

सुनीताला हे फार खटकायचं. एका शुक्रवारी तिने विचारलं, "परब, अर्धा तास बोलता, त्यात वहिनींसाठी एवढंच?" परब पोहे खात राहिले. त्यांचं उत्तर आलं पुढच्या शुक्रवारी, दारात चपला काढताना. "वहिनी, सगळे ऐकतात. त्यात तिच्याशी काय बोलणार? प्लीज नोट."

हेही सांगायला हवं. वीस-बावीस वर्षं कॅसेटवर बोलून परबांना दोन सवयी जडल्या होत्या. एक म्हणजे ते बोलायला लागले की अर्धा तास थांबत नसत आणि अर्धा तास झाला की वाक्याच्या मध्येच थांबत. दुसरी म्हणजे प्रश्नाला ते लगेच उत्तर देत नसत. प्रश्न विचारला की ऐकून घेत, मान हलवत आणि जात. उत्तर कधीतरी यायचं, आठ दिवसांनी, पंधरा दिवसांनी, आणि तोवर विचारणारा प्रश्न विसरलेला असायचा. लिफ्टमध्ये एकदम म्हणायचे, "लिंबू कमी होतं." कशात, हे आपण शोधायचं. आमची मुक्ता तेव्हा सातवीत होती. ती म्हणाली, "बाबा, परब अंकल इज लाइक ॲन आन्सरिंग मशीन."

ऑफिसात मात्र हा माणूस वाघ. आमचं ऑफिस शिपिंग एजन्सीचं होतं आणि परब तिथे कागदपत्रं बघत. उत्तर युरोपातून येणाऱ्या मालाचे कागद त्यांच्या हातून जायचे. कोपनहेगन, गदिनिया, तालिन, हेलसिंकी, स्टॉकहोम ही नावं त्यांच्या तोंडी कुडाळ-सावंतवाडीसारखी असायची. कुठून कागदाचे रोल येतात, कुठून लाकूड, कुठून दुधाची पावडर, सगळं पाठ. माल धडधाकट चढला की कागदावर 'क्लीन ऑन बोर्ड' असा शिक्का पडतो. परबांना एखादी गोष्ट पसंत पडली की तोच शिक्का ते तोंडाने मारत. सुनीताची पुरणपोळी क्लीन ऑन बोर्ड, मुक्ताचा पहिला नंबर क्लीन ऑन बोर्ड. माझं काही कधी क्लीन ऑन बोर्ड झालं नाही, ते असो.

कंपनीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा अरबाबनी, म्हणजे आमच्या मालकांनी, सगळ्यांना बोलावून जाहीर केलं की सर्वांत जुन्या दोन माणसांना बायकोसकट जहाजाने उत्तर युरोपची बंदरं दाखवायची. एक परब, दुसरा मी. "यू टाइप दीज नेम्स ऑल युवर लाइफ," अरबाब परबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले. "नाउ गो अँड सी. यल्ला!"

टाळ्या झाल्या. परबांनी मान हलवली. आठ दिवसांनी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "जाऊ. पण तिला विचारावं लागेल."

आता बायकोला विचारायचं म्हणजे कॅसेटवर. पुढच्या शुक्रवारी आमच्या बाथरूममधून आवाज आला, "एक जहाज आहे. त्यात दोघांनी जायचं आहे. तरी सर्वांनी विचार करून कळवावं." उत्तर आलं पाच आठवड्यांनी. त्या कॅसेटवर अकरा माणसांची मतं होती. तात्यांचं मत होतं की थंडी बाधेल. सख्याचं मत होतं की बायकांनी समुद्र ओलांडू नये, पण ओलांडलाच तर त्याच्यासाठी घड्याळ आणावं. शेवटी दूरवरून, बहुधा दाराआडून, एक बारीक आवाज आला. "सगळी म्हणतत तर येतंय."

परबांच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती. दुबईत बायको आणायला पगाराची अट असते. परबांचा पगार त्या अटीपर्यंत चढला, तोवर गावी आई अंथरुणाला खिळली होती. त्यामुळे दोन वर्षांतून दीड महिना सुट्टी, एवढाच संसार. मी एकदा मनातल्या मनात बेरीज केली तर दोघांचा सहवास दीड वर्षसुद्धा भरेना. तोही भरल्या घरात, लग्नं, मुंजी आणि डागडुजीत गेलेला. एक मुलगी झाली, वाढली, लग्न होऊन गोव्याला गेली. जहाजावरचे हे आठ दिवस म्हणजे त्या दोघांना आयुष्यात पहिल्यांदाच, आसपास घरचं कोणी नसताना मिळालेले दिवस होते. परबांना त्याची कल्पना होती का, हे विचारायची सोय नव्हती. उत्तर येईतो जहाज परत आलं असतं.

परबवहिनी दुबईला उतरल्या आणि दोन दिवस आमच्याकडे राहिल्या. लहान चणीच्या, चटपटीत, डोळे सगळीकडे. हात-पाय धुवायला बाथरूममध्ये गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. "हयसून बोलतत हे?"

"हो," सुनीता म्हणाली.

"म्हणून आवाज घुमता! सासूबाय म्हणता, माझो झील देवळात बसान बोलता." आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की परब गॅलरीत निघून गेले.

मग आम्ही विमानाने कोपनहेगनला गेलो. तिथल्या धक्क्यावर जहाजात चढताना लोकांच्या चाकांच्या सुटकेसा गुळगुळीत सरकत होत्या. परबांच्या हातात होता दोरीने बांधलेला खोका, चारी बाजूंनी काळ्या मार्करने डी. परब लिहिलेला. आत काय होतं? लोणचं, बेसनाचे लाडू, चादर आणि टेपरेकॉर्डर. मी म्हटलं, "टेपरेकॉर्डर कशाला?" त्यांनी मान हलवली.

केबिन बघून सुनीता हिरमुसली, इतकी ती लहान होती. परबांनी मात्र दारात उभं राहून आतल्या जागेचा अंदाज घेतला आणि खूश होऊन म्हणाले, "सहा माणसं आरामात."

जहाज सुटायला अवकाश होता म्हणून आम्ही बंदराजवळच्या दुकानात गेलो. तिथे बिस्किटांचे निळे गोल डबे रचलेले होते. गल्फमधून गावी जाणारा प्रत्येक माणूस हा डबा नेतो. बिस्किटं दोन दिवसांत संपतात आणि डबा पुढची वीस वर्षं घरात नांदतो. परबवहिनींनी तो बघताच टाळी वाजवली. "अगो बाय! सुई-दोऱ्याचो डबो! ह्यो हयचो काय?" आपल्या घरातल्या वस्तूचं माहेर सापडल्याचा आनंद त्यांना झाला होता. पुढे कितीतरी राजवाडे पाहिले, पण एवढ्या त्या कशाने हरखल्या नाहीत.

खरी गंमत जेवणाच्या टेबलावर सुरू झाली. आम्ही चौघं एका टेबलावर, परब आणि वहिनी शेजारी शेजारी. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, ह्यांका विचारा, भात होयो काय." परब वहिनींच्या ताटाकडे बघून मला म्हणाले, "कर्णिकसाहेब, तिला सांगा, ते मीठ नाही, साखर आहे." मी सांगितलं. तोवर साखर आमटीसारख्या कशात तरी पडली होती. दोघांमध्ये वीतभर अंतर आणि निरोप माझ्यामार्फत. वहिनी सुनीताशी भरभरून बोलायच्या, परब माझ्याशी अर्धा अर्धा तास बोलायचे, पण एकमेकांशी एक अक्षर नाही. रुसवा नव्हता, राग नव्हता. सवयच नव्हती.

गदिनियाला उतरलो तर परबांनी किल्ला, चर्च सगळं बाजूला ठेवलं आणि क्रेनकडे बोट दाखवून माल चढवण्याची पद्धत समजावली, अर्धा तास. वहिनींनी धुरावर भाजलेली मासळी बघितली, वास घेतला आणि म्हणाल्या, "पेडवे सगळीकडे सारकेच." मग मला म्हणाल्या, "ह्यांका सांगा, काटे हत, सांबाळून खावा." मी सांगितलं. परब मला म्हणाले, "तिला सांगा, बरं."

त्या संध्याकाळी सुनीताने संप पुकारला. काटा-चमचा ताटात ठेवून ती म्हणाली, "आम्ही जेवायला बसलोय की पोस्टात? उद्यापासून निरोप बंद. ज्याचं त्याने बोलायचं."

नेमकी दुसऱ्या दिवशी संकष्टी आली. दिवसभर जहाज समुद्रात होतं आणि वहिनींचा उपास. चंद्र बघितल्याशिवाय त्या जेवायच्या नाहीत. आणि जूनच्या त्या दिवसांत त्या समुद्रावर सूर्यच मावळायला तयार नव्हता. सांजवात कधी लावायची हा प्रश्न त्यांना पहिल्या दिवसापासून छळत होता, त्यात आता चंद्र. मी चौकशीच्या खिडकीवर गेलो. "मून?" ती सोनेरी केसांची मुलगी दोनदा म्हणाली. तिने वर कप्तानाच्या माणसांना फोन लावला. त्यांच्याकडे ग्रहताऱ्यांची पुस्तकं असतात. गणपतीसाठी बाल्टिक समुद्रावर चंद्रोदय काढून देण्याची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली असणार, पण त्यांनी अगदी मिनिटासकट दिला. रात्री एक वाजून काही मिनिटं.

वहिनींचा चेहरा उतरला. सकाळपासून पाण्यावर होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी सुनीताकडे, सुनीताने छताकडे. परबांची चुळबुळ सुरू झाली. घड्याळ बघितलं, बोटांवर काही मोजलं, वहिनींनी गावाहून आणलेलं कॅलेंडरचं पान उघडलं आणि समोरच्या मिठाच्या बाटलीकडे बघत म्हणाले, "तुजो उपास गावचो. गावात आता दहा वाजले. थंय चंद्र उगवलो. खलास. जेव."

त्यांनी बायकोशी थेट बोललेलं हे माझ्या कानावर पडलेलं पहिलं वाक्य. वहिनी मान खाली घालून म्हणाल्या, "गणपतीक चलात?"

परबांनी मान हलवली. वहिनींनी थोडी वाट पाहिली, मग देवाचं नाव घेऊन पहिला घास घेतला. त्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तालिनच्या जुन्या चौकात गाईड तेराव्या शतकाबद्दल बोलत असताना परब एकदम म्हणाले, "चलात. देवाक टाईम झोन नसतो." गाईडला वाटलं यांना काही शंका आहे. त्याने तेरावं शतक पुन्हा सांगितलं.

हेलसिंकीला बंदरालाच लागून बाजार भरतो. तिथल्या एका आजीकडे वहिनींनी शेंगांसकट ओला वाटाणा घेतला. वहिनी मालवणीत, आजी फिनिशमध्ये, दहा मिनिटं दोघींचं झकास चाललं. आजीने मूठभर शेंगा वर घातल्या. परब लांब उभे राहून कागदाचे रोल कुठे लावतात ते शोधत होते. मी त्यांच्याबरोबर गेलो आणि सुनीता वहिनींना घेऊन पाण्याच्या कडेला बाकावर बसली. तिथे जे बोलणं झालं ते सुनीताने मला नंतर केबिनमध्ये सांगितलं.

शेंगा सोलता सोलता वहिनी म्हणाल्या होत्या, "बावीस वर्सां कॅसेटी ऐकतंय. पण त्यातली माझी एकय नाय."

"म्हणजे?"

"पडवेत सगळी बसतत. बटण मोठे भावोजी दाबतत. मी दाराआड. हे सगळ्यांका सांगतत, ह्यां झाला, त्यां झाला. बरां वाटता ऐकाक. पण माका म्हणान काय नाय. मी तरी काय सांगतलंय? माझी पाळी इली की सगळी बघत रवतत." मग आणखी एक शेंग सोलत म्हणाल्या, "आता ह्यां जहाज इला. म्हटला, हय तरी काय बोलतीत. हय कोण ऐकूक नाय. तर हय भावजींकच सांगतत!" आणि हसल्या. सुनीता म्हणाली, त्या हसल्या म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

मला परबांचा राग आला. स्टॉकहोमला त्या दोघी राजवाडा बघत असताना मी त्यांना बाहेर एका पायरीवर बसवलं आणि झापलं. म्हटलं, "परब, उद्याचा एक दिवस समुद्रात. परवा कोपनहेगन, विमान, त्या गावी आणि तुम्ही अजमानला. मग पुन्हा दोन वर्षं ती पडवी. त्या बाईला तुमच्याकडून एक वाक्य हवंय. तिच्या एकटीसाठी. एवढंही जमत नाही?" मी आणखीही बरंच बोललो. बायकोशी कसं बोलावं यावर मी फुकटचं व्याख्यान दिलं. सुनीताने ऐकलं असतं तर तिने मला पायरीवरून ढकललं असतं. परब ऐकत होते. शेवटी त्यांनी मान हलवली.

मी हात टेकले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला परब दिसले नाहीत. दहाच्या सुमाराला मी डेकवर गेलो तर लाइफबोटींच्या मागे, वाऱ्यात, एका खुर्चीवर ते पाठमोरे बसलेले. कानटोपी, चादर आणि मांडीवर टेपरेकॉर्डर. मी चोरपावलांनी परत फिरलो. जेवण झाल्यावर ते माझ्या केबिनच्या दारात आले. हातात कॅसेट. नेहमी तिच्यावर बॉलपेनने लिहिलेलं असे, 'सर्वांस'. आज कोरी होती.

"तिला द्या," ते म्हणाले. "तिला एकटीला."

"अहो, ती तुमच्याच केबिनमध्ये आहे. पलीकडचं दार."

"तुम्ही द्या. मी वर बसतो." आणि टेपरेकॉर्डर माझ्या हातात देऊन ते जिन्याकडे गेलेसुद्धा. बावीस वर्षं कॅसेट कोणाच्या तरी हातीच गेली होती. स्वतः नेऊन द्यायची कशी हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मी ती सुनीताकडे दिली आणि सुनीता ती घेऊन चार पावलं चालली.

अर्ध्या तासाहून अधिक वेळ गेला. ती परत आली आणि पलंगावर नुसती बसली. मी म्हटलं, "तू आत कशाला थांबलीस? त्यांच्या एकटीसाठी होती ना?"

"त्यांना बटण दाबता येईना. कधी दाबलंच नाहीये त्यांनी. मी लावून निघत होते तर हात धरला, बस म्हणाल्या. घाबरल्या होत्या."

"मग? काय बोलले?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"अरे, काहीच नाही. ना शुक्रवार, ना हवा, ना नमस्कार. नुसता वारा. इंजिनाची घरघर. मध्ये ते खोकले. एकदा 'आज' म्हणाले आणि थांबले. मग परत वारा. मला वाटलं बिघडलीय, मी बंद करायला गेले तर वहिनींनी माझा हात बाजूला केला. अख्खी बाजू तशीच. त्या अशा कान देऊन ऐकत होत्या, जसं काही कोणी शेजारी बसलंय." सुनीताने डोळे पुसले. "आणि अगदी संपता संपता त्यांनी वहिनींचं नाव घेतलं. नुसतं नाव. मग टक् करून बंद."

परबांच्या पिढीत, त्यांच्या घरात, नवरा बायकोला नावाने हाक मारत नसे. बावीस वर्षांत ते 'तिला' म्हणाले, 'मुलीच्या आईस' म्हणाले, 'घरात' म्हणाले. मला स्वतःला वहिनींचं नाव तोवर माहीत नव्हतं. आमच्या तिकिटांच्या यादीतही त्या मिसेस डी. परब होत्या.

"त्या काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"रडतील असं वाटलं होतं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, ह्यां मागे कसां न्हेतत, ता माका दाखव गो. मी दाखवलं. मग म्हणाल्या, आता तू जा."

जहाजावरच्या भिंती पुठ्ठ्यासारख्या पातळ असतात. आम्हाला पलीकडून ऐकू येत होतं. जरासा वारा. मग दबक्या, घाबरट आवाजात एक नाव. टक्. मग टेप मागे फिरल्याची सुर्रर्र. पुन्हा वारा. पुन्हा नाव. मला एकदम लाज वाटली, कालच्या माझ्या व्याख्यानाची. मी सुनीताला दिवसाकाठी पन्नास हाका मारतो. त्यातली एकही मी अर्धा तास तयारी करून मारलेली नव्हती.

मी वर डेकवर गेलो. परब त्याच खुर्चीवर बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. आज मात्र त्यांनीच विचारलं, आणि उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"आवाज आला का नीट? वारा फार होता."

"आला."

"कर्णिकसाहेब, आणखी कोणी ऐकलं नाही ना?"

सुनीताने ऐकलं होतं. भिंतीपलीकडून मी ऐकलं होतं. शेजारच्या केबिनमधल्या जर्मन म्हाताऱ्या जोडप्यानेही बहुधा ऐकलं असेल.

"नाही," मी म्हणालो. "कोणीसुद्धा नाही. फक्त त्यांनीच."

परबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि कानटोपी काढून मांडीवर ठेवली. मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत, त्यातली ही एक मला निभवायची आहे. म्हणून एवढं सगळं तुम्हाला सांगितलं, तरी वहिनींचं नाव सांगितलेलं नाही. ते मला माहीत आहे. सांगणार नाही.